विहिरीवरची काळी द्राक्षं

कोकणात द्राक्षं होत नाहीत, असं मला आजवर निदान शंभर माणसांनी तरी ऐकवलं असेल. त्यांतल्या एकानेही द्राक्षाची वेल कधी छाटली नव्हती. मी छाटली होती. पनवेलमध्ये, सासरच्या घरामागच्या विहिरीवर, सासऱ्यांना न विचारता, आणि तेही लग्नाला चार महिने पुरे झाले नव्हते तेव्हा. त्या वेलीच्या द्राक्षांचं आसव पुढे पेणपासून ठाण्यापर्यंतचे लोक नाव घेऊन मागायला यायचे. त्याची हकिगत आमच्याकडे तीन-चार प्रकारांनी सांगतात. खरी कुठली ते मला ठाऊक आहे, म्हणून ती मीच लिहून ठेवते आहे.

माझं माहेर नाशिककडचं. वडिलांची द्राक्षबाग होती, काळ्या द्राक्षांची. वडिलांना मुलगा नव्हता आणि मला घरात बसवत नव्हतं, त्यामुळे बागेतली सगळी कामं मी पाहत आणि करत वाढले. द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. चैत्रात एकदा, तेव्हा तिला पार बोडकी करायची. मग दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पुन्हा, तेव्हा नव्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, मोजून, थोडे ठेवून बाकीची काडी उडवायची. द्राक्षं नव्या काडीला लागतात. कापलं नाही तर नवी काडी येत नाही आणि वेल नुसती पानांचं रान माजवत बसते. हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं.

लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. घाट उतरून आले, तर सगळंच ओलं, गार आणि हळू. बोलणंसुद्धा हळू. माझा आवाज पहिल्याच दिवशी शेजारच्या दोन घरांत गेला आणि मी 'देशावरची' ठरले. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घर चालवत होत्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या विधवा बहीण. त्यांचं सोवळं इतकं कडक, की दारावरून मासळीची पाटी गेली तरी त्या खिडकी लावून घेत. पनवेलमध्ये राहून मासळीच्या वासावर खिडकी लावायची म्हणजे दिवसभर त्याच कामाला बसावं लागतं, आणि त्या बसत.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते वैद्य होते. पुढच्या ओटीवर रोगी पाहत, आणि मागे औषधाची खोली होती. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत, पण खरं नाव होतं ते त्यांच्या द्राक्षासवाचं. मनुकांचा काढा, गूळ, मध आणि आंबण्यासाठी धायटीची फुलं असं सगळं मोठ्या बरणीत भरायचं, तोंडाला कापड बांधून त्यावर माती लिंपायची, आणि बरणी भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरून ठेवायची. मामंजी रोज सकाळी बरणीला कान लावून बसत. आत खदखद ऐकू आली की म्हणत, "अजून बोलतंय." बोलणं थांबलं की माती फोडून पेटती काडी आत धरत. काडी विझली नाही म्हणजे आसव झालं.

त्या दिवसांत दारूबंदी होती. ती आल्यापासून पनवेलमधल्या बऱ्याच धडधाकट पुरुषांना एकाएकी अशक्तपणा जाणवू लागला होता. ते संध्याकाळी ओटीवर येऊन भूक लागत नाही म्हणून सांगत. मामंजी जीभ बघत, नाडी बघत आणि सुंठीचा काढा देत. खऱ्या अशक्त माणसाला मात्र समोर बसवून स्वतःच्या हाताने दोन चमचे आसव पाजत. पूर्ण बाटली फार थोड्या घरांना मिळायची. त्यांत देवळाचे पुजारी होते, सोवळ्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका होत्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं औषध त्यांना चालत नसे, आमच्या घरचं चाले. मामंजींना याचा मोठा अभिमान होता.

या आसवात एक गोष्ट घरची असे. मनुका बाजारच्या, पण प्रत्येक बरणीत विहिरीवरच्या वेलीच्या द्राक्षांचा रस पडलाच पाहिजे असा नियम होता. ती वेल मामंजींच्या वडिलांनी लावलेली. आसवाचा गुण तिच्यात आहे, मनुका काय कुठेही मिळतात, असं मामंजी म्हणत. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं आणि मग राग आला. बुंधा चांगला मांडीएवढा, साल सुटत चाललेली, पांगाऱ्यावरून मांडवावर आणि मांडवावरून पुन्हा पांगाऱ्यावर चढलेली. गुंता असा, की खाली विहिरीत ऊन पडत नव्हतं. आणि एवढ्या पसाऱ्यात वर्षाला द्राक्षं म्हणे ओंजळभर, तीही अर्धी सडकी.

मी ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना विचारलं, "शेवटची छाटणी कधी झाली?"

"छाटणी? आजोबांनी लावलीय ती. तिला लोखंड लावत नाहीत."

मला वाटलं थट्टा करताहेत. ते शाळेत मास्तर होते आणि थट्टा करायचे. पण खरोखरच तसं होतं. तीसेक वर्षं त्या वेलीला कुणी साधा चाकू लावला नव्हता. वाळलेली फांदी हाताने मोडून निघाली तर काढायची, नाहीतर तशीच राहू द्यायची. आत्याबाई बुंध्याला हळदकुंकू वाहत. वडिलांच्या आठवणीपायी या शहाण्या माणसांनी वेलीला पूज्य करून मारत आणली होती.

एकदा जेवताना मी बोलून गेले की वेल कापायला हवी. आत्याबाईंच्या हातातला वरणाचा डाव थांबला. मामंजी शांतपणे म्हणाले, "जे झाड आपण लावलं नाही ते आपण कापू नये." मग रोज ज्या साली आणि मुळ्या कुटता त्या कोण लावतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते भाताबरोबर गिळलं.

त्या फाल्गुनात वेलीला एकही घड धरला नाही. मामंजींनी वडिलांनंतर पहिल्यांदाच द्राक्षांच्या रसाशिवाय बरणी भरली. माती लिंपताना त्यांचे हात संथ चालले होते. "तिचं आयुष्य संपलं," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. वेल म्हातारी नव्हतीच. द्राक्षाच्या वेलीला ते काय वय? तिला स्वतःचं ओझं झालं होतं, एवढंच.

चैत्रात मामंजी आणि आत्याबाई एका लग्नाला चार दिवस पेणला गेले. दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी पदर खोचला. घरात कात्री नव्हती, म्हणून औषधाच्या मुळ्या कापायचा मामंजींचा मोठा अडकित्ता घेतला आणि जाड फांद्यांसाठी शेजारून करवत मागून आणली. सकाळी सुरू केलं ते दुपार टळेपर्यंत चाललं. शेवटी बुंधा, चार मोठे हात आणि प्रत्येक हाताला बोटभर खुंट्या, इतकंच उरलं. जखमांना शेण लिंपलं. विहिरीत कैक वर्षांनी ऊन पडलं आणि तळाशी कासव असल्याचं पहिल्यांदा दिसलं.

हे घरी आले आणि दारातच थबकले.

"अगं, काय केलंस हे?"

"छाटणी."

"बाबा घरात घेणार नाहीत."

"मला की तुम्हाला?"

"दोघांनाही," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. माणूस चांगला, पण वडिलांपुढे उभं राहायचं म्हटलं की त्यांच्या पायांत गोळे यायचे.

मामंजी परतले तेव्हा वेलीच्या खुंट्यांतून पाणी ठिबकत होतं. छाटणीनंतर काही दिवस तसं गळतंच, त्यात काही वावगं नाही. पण ते त्यांना कोण सांगणार? ते मांडवाखाली गेले, एका खुंटीखाली त्यांनी तळहात धरला, आणि हात भरेपर्यंत तसेच उभे राहिले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजी आत आले. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"पालवी फुटेपर्यंत तुझ्या हातचं पाणी मला नको," ते म्हणाले. "आणि फुटली नाही तर तुझ्या वडिलांना पत्र लिहीन. येऊन घेऊन जातील."

मी म्हटलं, "फुटेल." आवाज मी देशावरचाच लावला, पण खोलीत जाऊन दाराला आतून कडी घातली. कोकणच्या हवेत वेल कशी वागते ते मला तरी कुठे माहीत होतं? माहेरी बोडक्या वेली मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या, पण त्या दरवर्षी कापलेल्या. तीस वर्षं न कापलेलीला एकदम इतकं कापल्यावर ती काय करेल, हे वडिलांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं.

सोळा-सतरा दिवस आत्याबाई मामंजींना पाणी देत होत्या आणि मी रोज पहाटे खुंट्या चाचपत होते. एके दिवशी न्याहारीला मामंजी बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी आण गं." मी तांब्या ठेवला आणि परसात धावले. एका हाताच्या टोकाला कापसासारखा लवदार, गुलाबी कोंब बाहेर आला होता. माझ्याआधी त्यांनी तो पाहिला होता. म्हणजे तेही रोज पहाटे जाऊन बघत होते, माझ्याही आधी उठून.

आश्विनात दुसऱ्या छाटणीची वेळ आली तेव्हा मोठा अडकित्ता मला विहिरीच्या काठावर ठेवलेला सापडला. धार लावलेला.

पण नुसत्या छाटणीने भागत नाही. वेल भुकेली होती. कोकणचा पाऊस जमिनीतलं सगळं धुऊन नेतो आणि शेणखत तिला पुरत नव्हतं. माझ्या वडिलांच्या बागेत काय घालत ते मला माहीत होतं. खाडीवरून सुक्या मासळीची पोती वर देशावर यायची, खायला नको झालेली, मोडकी-सडकी, आणि ती वेलींच्या मुळांशी पुरायची. वडील ब्राह्मण, ते त्या वेळी तोंड फिरवून उभे राहत आणि गडी खड्डे बुजवून टाकत. बागेला ते लागतं, एवढंच घरात बोललं जायचं. आता ज्या खाडीवरून ती पोती यायची त्या खाडीच्या काठीच मी नांदत होते, आणि घरात आत्याबाई खिडकी लावून बसल्या होत्या.

आमच्याकडे बरण्यांसाठी भाताचं तूस घेऊन येणारी एक बाई होती. खाडीकाठच्या गावची. घरची भातशेती, आणि दीर-जावा मासळी विकत, तीही बाजारात बसायची. मी तिला मावशी म्हणायचे. आत्याबाई देवापाशी होत्या तेव्हा मी तिला मागच्या दारी गाठलं आणि काय हवं ते सांगितलं.

तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी बामनाच्या ना गो? सुकट खातंव?"

"मी नाही खात. वेल खाते."

"येल?" ती हसायला लागली ती थांबेचना. "नाय गो बाय! पोरांना पुरत नाय, आन तुजी येल खाते?"

"फेकायचं असतं तेच द्या. बोंबलांची डोकी, खराब झालेला जवळा. फक्त कुणाला दिसता कामा नये."

"मंग तुसाखाली घालतंय," ती म्हणाली. "वर तूस, खाली तुज्या येलीचा जेवन. कोन बघतंय?"

अशी ती पोती यायला लागली. आत्याबाई आंघोळीला गेल्या की मी खड्डे खणून ते पुरायची, वर पालापाचोळा आणि राख. बंदोबस्त चोख होता. मी फक्त मांजरांना धरलं नव्हतं. आळीतली झाडून सगळी मांजरं विहिरीपाशी येऊन बसू लागली, अगदी कीर्तनाला बसल्यासारखी.

"ही मेली इथं का जमतात गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"उंदीर झालेत."

"विहिरीवर?"

"द्राक्षांच्या वासाने येतात," मी ठोकून दिलं. मांडवावर तेव्हा एकही द्राक्ष नव्हतं.

फाल्गुनात मांडव लवला. बारीक, काळेभोर मणी, जाड सालीचे, आत बिया. नुसतं खायला जिभेला चरचरत, आणि मागून गोडी येत असे. मामंजींनी त्या वर्षी एक बरणी निव्वळ घरच्या द्राक्षांची भरली, बाजारची मनुका एकही नाही. ती उघडली त्या दिवशी त्यांनी काडी धरली, काडी जळत राहिली, आणि मग त्यांनी पळीभर आसव ओठांना लावलं. बराच वेळ डोळे मिटून होते. रंग जांभळापेक्षा गडद, आणि खोलीभर जो वास सुटला तो मनुकांच्या आसवाला कधीच नव्हता. त्यांनी मला बोलावून दोन चमचे दिले. अजून मी डोळे मिटले की ती चव येते. तुरट, मग उबदार, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ घशात राहणारी.

त्या आसवाचा बोलबाला झाला. दोन-तीन वर्षांत लांबून माणसं यायला लागली, कोणी कर्नाळ्याच्या पलीकडून बैलगाडीने, कोणी मोटारीने. कोणीतरी विचारायचंच, की वैद्यबुवा, कोकणात ही द्राक्षं कशी? आणि मामंजी दर वेळी हात जोडून म्हणायचे, "वडिलांची पुण्याई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी आत दाराआड असायची, नखांत माती, पदराला मासळीचा वास येतो की काय म्हणून दिवसातून दोनदा न्हाणारी. पुण्याई! तीस वर्षं त्याच पुण्याईने वेलीचा गळा आवळला होता. मला दागिने नको होते, लुगडी नको होती. चार लोकांत एकदा त्यांनी म्हणावं, की ही वेल सुनेने वाचवली, इतकंच मला हवं होतं. आणि ते मी मागूही शकत नव्हते. कसं वाचवलंस असं कुणी विचारलं, तर तुसाखालचं सगळं वर आलं असतं. पुजाऱ्यांची घरं, सोवळ्यातल्या म्हाताऱ्या, कोणी त्या आसवाला पुन्हा शिवलं नसतं. मामंजींचं आयुष्यभराचं नाव गेलं असतं, आणि त्यामागोमाग त्या घरातली माझी जागाही.

आणि तसं व्हायची वेळ आलीच. एका आश्विनात मनुकांच्या बरण्या बसवायच्या होत्या; घरची द्राक्षं आता त्यांच्या वेगळ्या बरणीला जात, म्हणून या नुसत्या मनुकांच्या. मावशी दोन पोती ठेवून गेली, एक नुसत्या तुसाचं, एक माझं. मी आत पोळ्या करत होते. ह्यांनी, मदत करावी म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन एक पोतं उचललं आणि औषधाच्या खोलीत नेऊन ठेवलं. कुठलं, ते सांगायला नको.

मला कळलं तेव्हा मामंजी आत गेलेले होते. मी दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं होतं. हा माणूस डोळे बांधून शंभर मुळ्या नुसत्या वासावर ओळखायचा. ते वाकले, हात तुसात कोपरापर्यंत घातला आणि तसाच राहू दिला. मी तव्यावरची पोळी जळू दिली. मग त्यांनी हात बाहेर काढला, तोंड पुन्हा बांधलं आणि पोतं स्वतः उचलून माझ्या शेजारून परसात नेलं.

"हे इथलं नाही," जाताजाता ते म्हणाले. "विहिरीकडचं आहे."

एवढंच. हात धुतले, आणि दुसरं पोतं आणून बरणी बसवली. त्या दिवशी ते जेवले, पाणीही माझ्याच हातचं प्याले. मी मात्र कित्येक आठवडे वाट बघत होते, की आता बोलतील, उद्या बोलतील, माहेरी पत्र जाईल. बोलले असते तर मी भांडले असते, भांडणात मी हार जात नाही. गप्प माणसाशी भांडायचं कसं ते मला येत नव्हतं.

पुढल्या वर्षी भाद्रपदात मी बाळंतपणाला माहेरी गेले. पहिलं बाळंतपण, आणि जीव अर्धा विहिरीवर. ऐन छाटणीच्या वेळी मी नव्हते. ह्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं, काडी कुठे धरायची, अडकित्ता कसा तिरपा लावायचा, सगळं. मावशीचं पोतं येईल तेही आडून सुचवलं. उत्तरात ह्यांनी माझी प्रकृती विचारली, बाळाचं नाव काय ठेवू या ते विचारलं, आणि वेलीबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. मी धरून चालले, की झालं नाही. मुलगी झाली. माघात तिला घेऊन पनवेलला आले.

टांग्यातून उतरले ती तशीच बाळाला घेऊन परसात गेले. मांडवावर वाटाण्याएवढे हिरवे मणी धरले होते, घडच्या घड. काड्या एकसारख्या छाटलेल्या, काप तिरपे, नेटके. मुळांशी माती नुकती खालीवर केलेली आणि भोवती तीन मांजरं.

"तुम्ही केलंत?" मी ह्यांना विचारलं.

"मला कुठे जमतंय," ते म्हणाले. "पत्र बाबांनी मागून घेतलं." आणि बाळाला घेऊन आत गेले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ झोपल्यावर मी सरळ मासळी बाजारात गेले. आमच्या घरच्या बायका तिकडे पाऊल टाकत नसत. मावशीने मला पाहिलं आणि कोयता खाली ठेवला.

"आलीस गो बाय? पोरगी जाली ना? बरा जाला." मग पुढे वाकून, पण आवाज मुळीच कमी न करता ती म्हणाली, "वैद्यबाबा आलं व्हतं. हतं, माज्या पाटीसमोर, भर बाजारान."

"कोण? मामंजी?"

"मंग कोन? आंघोल करून, गंध लावून, उपरना घेऊन. आमी समद्या गप जालो. मना वाटला, आता भांडतान. तर मना म्हनतान, सुनेला देतेस ता मना दे. मी घाबरली. बोलली, मी तूस देतंय, दुसरा काय नाय. तर हसलं. म्हनतान, तुसाखालचा दे."

मी खाली बसले. ओल्या फरशीवर, लुगड्याचा विचार न करता.

"पोत्यान घालतंय म्हनली, तर नको म्हनलं. पाटीनच घेतला, उगडा. तवर तो देवलातला पुजारी आला रस्त्यानं. त्यानं इचारला, वैद्यबुवा, ह्या काय हाय हातान? तर ह्ये मोठ्यानं म्हनतान, समद्यांनी आयकला, आमच्या येलीला सुनेचा औषध चालू हाय. तिनंच वाचवली येल. मी नुसता औषध न्यायला आलोय."

मी रडायला लागले. आसपासच्या बायका बघत होत्या, कोणीतरी म्हणालं, बाळंतीण आहे, हळवी असते. हळवी कसली? मला इतका आनंद झाला होता, की तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. मावशीने माझ्या पाठीवर हात मारला, मासळीचाच, आणि म्हणाली, "उठ गो. दूद आटल."

घरी येताना वाटेत हे भेटले, त्यांच्याकडून दोन गोष्टी मला कळल्या. पुजाऱ्यांचं घर आणि आणखी एक घर त्या दिवसापासून तुटलं होतं, आसव तर नाहीच, पण साधी सुंठसुद्धा ते आमच्याकडून नेत नव्हते. आणि आत्याबाई महिनाभर मामंजींशी बोलल्या नव्हत्या. मामंजींनी ते दोन्ही सोसलं होतं आणि मला पत्राने एक ओळही कळवली नव्हती.

मामंजी ओटीवर खलात काहीतरी घोटत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. लुगडं ओलं, आणि वास लपण्यासारखा नव्हता. त्यांनी बत्ता थांबवला.

"पत्रात तू एक गोष्ट नीट लिहिली नव्हतीस," ते म्हणाले. "काडीवर डोळे किती ठेवायचे? मी चार ठेवले. बरोबर?"

"सहा चालले असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घोटायला लागले. "पुढच्या वर्षी सहा."